पळसाच्या चिंध्या आणि आमचं बोरिंग

त्या हिवाळ्यात नाटकमंडळीचे चार झगे माझ्या हातून बिघडले आणि त्यापायी मी सगळ्या मोहल्ल्याशी वैर घेतलं. वैर झग्यांवरून नव्हतं, पाण्यावरून होतं.

आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, वडशापासून पायी दोन तास. दिवाळी झाली की वडशात नाटकांची धांदल सुरू होते. मंडळ्या गावोगाव जातात, पडदे रंगतात, कपडे शिवले जातात. ते कपडे शिवणारा एक म्हातारा मुसलमान शिंपी होता, त्याला सगळे मास्तर म्हणत. साधू, जोगी, बैरागी ह्यांचे झगे तो पांढऱ्या मांजरपाटात शिवायचा आणि रंगवायला माझ्याकडे द्यायचा. पुडीचा रंग नटाच्या घामानं अंगाला लागतो. माझा लागत नसे. माझा रंग पळसाच्या फुलांचा होता. आईनं शिकवला, मी चालू ठेवला. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे धानाच्या बांध्यांत रोवणी-कापणी आणि उरल्या वेळात हे.

फाल्गुनात झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, सावलीत वाळवायची, पोत्यात भरायची. लागतील तेव्हा गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळून पाणी गाळायचं. कपडा आधी तुरटीच्या पाण्यातून काढायचा, मग रंगात बुडवायचा. हळदीहून गडद, केशराकडे झुकलेला पिवळा येतो. लोखंडाची कढई मात्र घ्यायची नाही, एवढं आईनं बजावलं होतं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पाणी मी कायम नदीचं आणायची. त्या वर्षी पहिल्यांदा दारातलं घेतलं, कारण त्या वर्षी पहिल्यांदा दारात पाणी होतं.

आमच्या बौद्ध मोहल्ल्यात बोरिंग, म्हणजे हातानं हापसायचा पंप, त्याच उन्हाळ्यात आलं होतं. त्याआधी गावच्या विहिरीवर जावं लागे. कायद्यानं विहीर सगळ्यांची होती. आम्ही गेलो की गावातल्या बायका आपले पाण्याचे गुंड उचलून बाजूला घेत आणि आमचं भरून झालं की काठ धुऊन काढत. तोंडानं कोणी काही बोलत नसे. माझी मोठी जाऊ कितीतरी वर्षं तालुक्याच्या ऑफिसात जात होती. तिला सही येत नव्हती, पण बाबूच्या टेबलासमोर बसली की उठत नसे. शेवटी मशीनची गाडी आली, भोक पडलं, पाणी लागलं. जावेनं पहिला गुंड भरला आणि घरी नेलाच नाही. बोरिंगच्या ओट्यावर ठेवून त्याच्याजवळ बसून राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून.

तर त्या पाण्यात मी चार झगे रंगवले. वाळल्यावर पाहते तर रंग पिवळा नाहीच. सुकलेल्या मेंदीसारखा, शेणकाल्यासारखा. मला वाटलं फुलं कुबट झाली. दुसऱ्या पोत्यातली फुलं घेऊन एक चिंधी रंगवली. तीही तशीच. वाटलं तुरटीत भेसळ आहे. तुरटी बदलली, गंज चिंचेनं घासला, सरपणसुद्धा बदललं. रंग तोच. देण्याचा दिवस आला, झगे डोक्यावर घेऊन मी वडशाला गेले.

मास्तरनं एक झगा दारात नेऊन उजेडात धरला.

"बाई, हे साधूचे कपडे हायेत का फारेस्टगार्डचे?"

दुकानात बसलेले दोघं हसले. मी म्हटलं, "फुलं जुनी झाली असतील."

"फुलं जुनी झाली तर रंग फिका होते. हा फिका नाई, मैला हाय." तो आत गेला आणि मी मागच्या साली रंगवलेला एक झगा घेऊन आला. छान पिवळा. त्याच्या गळ्याशी त्यानं बोट ठेवलं. "हे पाहा. इथी माह्याकडून टाचणी राहून गेली होती. कपडा ओला होता, टाचणी गंजली."

टाचणीच्या जागेभोवती डाग पडला होता, नखाएवढा. त्यानं माझा नवा झगा त्याला लावून धरला. डागाचा आणि झग्याचा रंग एकच.

"तुमचा सारा झगाच टाचणीचा डाग हाय, बाई. कुठून तरी लोहा लागला. लोखंडाची कढई घेतली का?"

"गंज पितळी हाय माह्या."

"मग पाणी पाहा."

ते झगे त्यानं परत केले नाहीत. नाटकात दरोडेखोरही असतात, त्यांना घालू म्हणाला.

परत येताना माझे पाय भरभर चालत होते आणि डोकं त्याहून भरभर. घरी आल्यावर भाकरी टाकायचं सोडून मी तीन कटोरे मांडले. एकात नदीचं पाणी, एकात गावच्या विहिरीचं, एकात बोरिंगचं. नदीच्या पाण्यात उकळलेला रंग प्रत्येकात एकेक पळी टाकला. नदी पिवळी. विहीर पिवळी. बोरिंगचं पाणी बघता बघता काळवंडलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग दारची जास्वंद तोडून चुरडली. तिचं लाल पाणी नदीत लालच राहिलं, बोरिंगच्या पाण्यात दौतीतल्या शाईसारखं झालं. घरधनी दारात उभे राहून म्हणाले, "स्वयंपाक कटोऱ्यातच हाय का आज?"

मला एकेक आठवत होतं. सहा-सात महिने झाले, भात तांबूस होत होता. चहा काळा होत होता. गुंडाच्या आत लाल गाळ बसत होता. प्रत्येक घराकडे त्याचं कारण तयार होतं. तांदूळच तसा आहे. चहापत्ती हलकी आहे. नवं बोरिंग आहे, धुऊन निघेल. गावातल्या बायका मात्र विहिरीवर बसून मोठ्यानं म्हणत, "त्याह्यच्या बोरिंगचं पाणी काळं. असंच राहीन." हे आमच्या कानावर आल्यावर तर कोणी हूं की चूं करायला तयार नव्हतं. पाणी वाईट म्हणायचं म्हणजे त्यांचं खरं म्हणायचं.

मी कटोरे घेऊन जावेकडे गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती. तिनं एकदा पाहिलं आणि पुन्हा निवडू लागली.

"बाई, पाण्यात लोखंड हाय."

"मग? रक्त वाढीन."

"चेष्टा नाई करून राह्यली मी."

"मी पण नाई." तिनं सूप खाली ठेवलं. "सरपंच दोन महिन्यापासून म्हणून राह्यला का बोरिंग शाळेजवळ पाहिजे होतं, इथी कायले दिलं. पाणी खराब हाय असा एक कागद ऑफिसात गेला, का काढून नेतीन. भोक इथी राहीन, पाणी तिथी जाईन. मग जाय तू गुंड घेऊन विहिरीवर अन् उभी राह्य काठ धुवेपर्यंत."

"पण पाणी खरंच खराब असलं तर?"

"मेलं का कोणी?"

"नाई."

"मग पी."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी गप्प राहायला हवं होतं. गप्प राहणं मला जमत नाही, त्याचा मला कधी फायदा झालेला नाही. चार दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. पाचव्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळी बोरिंगवर गेले आणि सगळ्यांसमोर एक पिवळी चिंधी बकेटीत बुडवली. ती मेंदी झाली. वर धरली. मग एक जण म्हणाली, "हिले गावातल्यांनी शिकवलं." दुसरी म्हणाली, "वडशाच्या शिंप्यानं." त्या दिवसापासून मी ओट्यावर आले की माझी पाळी शेवटी. विहिरीवर जे होत होतं तेच, फक्त आपल्या माणसांकडून. काठ तेवढा धुतला नाही.

हिवाळा असाच गेला. मास्तरचं काम मी नदीच्या पाण्यात केलं, रंग नीट आला. पण मला चैन पडेना. प्यायला, रांधायला बोरिंगचंच पाणी होतं आणि दर घोटाला मला तो डाग दिसायचा. नदी लांब, आणि रोज प्यायला नदीचं पाणी नेताना मी दिसले असते तर घरधन्यांना मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. फाल्गुन आला, फुलं वेचली, चैत्र लागला. जयंती जवळ आली.

जयंतीला आमच्याकडे बायका पांढऱ्या साड्या नेसतात. आदल्या आठवड्यात मी एका दुपारी नदीवर गेले, नेहमीच्या घाटावर नाही, त्याच्या खाली जिथे दगड आहेत तिथे. तिथे कोणी नसतं. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या सहा बायका होत्या. प्रत्येकीच्या हातात पांढरी साडी. मधल्या दगडावर माझी जाऊ.

मला पाहून सगळ्या थांबल्या. जावेनं साडीचा पिळा पायाखाली घेतला.

"गोधड्या धुवायले आलो," ती म्हणाली.

"गोधडीले काठ कधीपासून असते?"

मग त्यातली सगळ्यात लहान, नुकतीच लग्न होऊन आलेली सून म्हणाली, "बोरिंगमध्ये धुतली का पिवळी होते ना, काकी. सासूबाई म्हणे कोणाले सांगू नको."

तिची सासू शेजारच्याच दगडावर होती. तिनं सुनेकडे असं पाहिलं की पोरीनं पाण्यात तोंड घातलं. आणि मग बाकीच्या एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं की एकट्या आपल्यालाच ही जागा ठाऊक आहे. मागचं वर्षभर प्रत्येक जण बोरिंगची बाजू घेऊन भांडली होती आणि प्रत्येक जण आपली पांढरी साडी लपवून इथे आणत होती.

जावेनं साडी दगडावर दोनदा आपटली. मग हात थांबवून मला म्हणाली, "सांग, तुह्या फुलाले अजून काय समजते?"

मी म्हटलं, एवढंच समजतं, लोखंड आहे की नाही. थोडं असलं तर थोडं काळं, जास्त असलं तर जास्त.

"कुठून येते ते समजते का?"

ते मला माहीत नव्हतं.

ते बोरिंगवाल्या मिस्त्रीनं सांगितलं. वायसर बदलायला तो सायकलवर यायचा. जावेनं त्याला चहा दिला, काळाच. तो चहाकडे पाहून म्हणाला, "सकाळी लाल येते अन् दुपारी साफ, का दिवसभर एकसारखं?"

आम्हाला सांगता येईना. पाहिलंच नव्हतं कोणी.

"हे पाहा बाई," तो म्हणाला, "आत लोखंडाचे पाइप हायेत. काही ठिकाणचं पाणी पाइप खाते. रात्रभर पाणी पाइपात उभं राह्यते, त्यात गंज उतरते. हापसत गेलं का साफ होते. तसं असलं तर पाइप बदलता येतीन. पण जमिनीतलंच पाणी तसं असलं, तर कितीही हापसा, तेच येईन. मग साहेब बोरिंग बंद करीन."

तो गेल्यावर जावेनं कप उचलला. पाइप की जमीन, एवढाच प्रश्न होता. पाइप असेल तर बोरिंग आमचं. जमीन असेल तर विहीर.

दोन दिवसांनी तिनं संध्याकाळी बोरिंगच्या दांड्याला दोर बांधला आणि सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं सांगितलं. उजाडताच मी रंगाचा गंज आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या चिंध्यांची टोपली घेऊन आले. पहिल्या बकेटीतून एक कटोरा घ्यायचा, त्यात पळीभर रंग, त्यात चिंधी. मग दर दहा बकेटींनी एक. ओट्याशेजारी दोरी बांधली होती, चिंध्या तिच्यावर ओळीनं वाळत घालायच्या. बकेटीतलं पाणी नालीत आणि नालीतून वांग्यांच्या वाफ्यात.

पहिली चिंधी काळी म्हणावी इतकी मेंदी. दहाव्या बकेटीची तशीच. विसावीही तशीच. हापसणाऱ्या पोरी दमल्या, बदलल्या. तिसावी पण तशीच. ज्यांनी मला शेवटी उभं केलं होतं त्याच आता माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. कोणाचा तरी श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"मागं सरका वं. चिंधी हाय, लगीन नाई."

चाळिसावी थोडी उजळली. मला वाटलं उन्हानं तसं दिसतं. सावलीत नेऊन पाहिली. उजळली होती. जावेनं पोरीला बाजूला सारलं आणि दांडा स्वतः धरला. पन्नास नंतर तिच्या तोंडावर घाम आला, पण ती कोणाला हात लावू देईना. साठावी पिवळी म्हणता येईल अशी. सत्तरावी तिच्याहून पिवळी. ऐंशी, नव्वद, शंभर सत्तरासारख्याच. त्यापुढे फरक पडेना.

"पाइप!" जाऊ ओट्यावर बसली. "पाइपच! पाणी आपलं चांगलं हाय, पाइप त्याह्यचे सडके!"

बायका बोलायला लागल्या, हसायला लागल्या. मी टोपलीच्या तळातून आणखी एक चिंधी काढली. ती मी आदल्या दिवशी नदीच्या पाण्यात रंगवली होती. शंभराव्या चिंधीशेजारी धरली. नदीची झगझगीत होती. शंभरावी पिवळी होती, पण मळकट.

"बाई, हे पाहा. थोडंसं जमिनीतही हाय."

"पिवळी हाय."

"मळकी हाय."

"तुह्या डोळ्यात मळ हाय." तिनं नदीची चिंधी माझ्या हातातून घेतली आणि टोपलीत टाकली. "ऑफिसात ही न्यायची नाई. ह्या न्यायच्या. समजलं?"

सोमवारी आम्ही दोघी बसनं तालुक्याला गेलो. चिंध्या एका कागदावर शिवल्या होत्या, मी प्रत्येकीखाली आकडा लिहिला होता. साहेब तरुण होता. त्यानं कागद आधी उलटा धरला. हे काय, म्हणाला. मी सांगितलं. पळस म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं.

"पहिल्यापासून शंभरपर्यंत रंग बदलला हे दिसतंय," तो म्हणाला. "पण चांगल्या पाण्याचा रंग कसा असतो, ते कशावरून कळणार? शेवटची चिंधी चांगली की वाईट, कशाशी लावून पाहायची?"

जाऊ म्हणाली, "चांगलीच हाय ना साहेब, पिवळी हाय."

साहेबानं कागद बाजूला सरकवला. त्या सरकवण्यानं मला कळलं की आता हा फाइलीत जाणार आणि तिथेच राहणार. मी कमरेची पिशवी सोडली आणि नदीची चिंधी टेबलावर ठेवली. ती मी सकाळी टोपलीतून काढून घेतली होती. काढताना ठरवलं नव्हतं की दाखवायची. नाही दाखवायची हेही ठरवलं नव्हतं.

"ही नदीची," मी म्हटलं.

जावेनं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. साहेबानं चिंधी घेऊन पहिलीला लावली, मग चाळिसावीला, मग शंभरावीला. बराच वेळ लावला त्यानं. मला त्याच्या हातातून ती हिसकून घ्यावी असं दोनदा वाटलं.

"जमिनीत थोडं लोह आहे," तो म्हणाला. "ह्यापायी बोरिंग बंद करत नसतात. बाकी सगळं पाइपचं. पाइप बदलावे लागतील." आणि लिहू लागला.

बसमध्ये जाऊ खिडकीशी बसली. उतरल्यावर म्हणाली, "बंद केलं असतं तर तुले मी त्या भोकात टाकलं असतं." मी म्हटलं, भोक लहान आहे. ती हसली नाही.

पाइप पावसाळ्यानंतर आले, ह्या वेळी न गंजणारे. मिस्त्री आणि चार माणसांनी जुने पाइप वर ओढले. एकाला इतकी भोकं पडली होती की आरपार दिसत होतं. गावातले लोक पाहायला आले, सरपंचही आला. पाइप बाहेर, भोक उघडं, हे पाहून तो मिस्त्रीला म्हणाला, "आता निघालंच हाय तर शाळेजवळ पाहू ना. तिथी मशीन बोलावतो मी."

मिस्त्री गोंधळला. जाऊ भोकाशेजारी जाऊन बसली. तिच्या शेजारी मी बसले. मग नदीवरच्या त्या पाचजणी, मग बाकीच्या. पोरीबाळी, म्हाताऱ्या. भोकाभोवती इतक्या बसल्या की मिस्त्रीला पाय ठेवायला जागा राहिली नाही.

"अहो बाई, बसून काय होणार हाय?" सरपंच जावेला म्हणाला.

"आमचं पाणी हाय. बसतो आम्ही. तुमचं काम असलं तर तुम्ही जा, भाऊ."

तो गेला. आम्ही मिस्त्रीपुरती जागा केली आणि शेवटचा नवा पाइप खाली जाईपर्यंत उठलो नाही. त्या दिवशी पाणी गढूळ आलं, त्यात फुलाला काही समजण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी गेले तर जाऊ आधीच दांडा धरून उभी होती. पहिल्या बकेटीतला कटोरा मी घेतला, पळीभर रंग टाकला, चिंधी बुडवली. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, कटोऱ्याकडे नाही.

"काय म्हणते?"

"पिवळी."

"किती?"

"शंभरावीसारखी."

"पहिल्याच बकेटीत?"

"पहिल्याच."

तिनं गुंड खाली लावला आणि हापसायला लागली. मी रंगासाठी मात्र पुढेही नदीचंच पाणी आणत राहिले, कारण मळकट तो मळकट. मी नदीवरून गुंड घेऊन येताना दिसले की ती ओट्यावरून ओरडायची, "काऊन वं, आमचं पाणी तुह्या साधूंले चालत नाई?"

"नाई चालत," मी म्हणायची, आणि घरी जायची.